जाळीच्या मुठीची स्कॉटिश तलवार घरी घडवताना

स्कॉटिश तलवार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन हातांनी पेलायचं लांबलचक धूड येतं. ते खोटं नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकापर्यंत स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलंड्समध्ये, तशा तलवारी होत्या. लांबी साधारण १४० सेंटिमीटर, वजन सव्वादोन-अडीच किलो, परजाचे, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीचे, दोन्ही हात पात्याकडे तिरपे झुकलेले आणि त्यांच्या टोकांना चार पाकळ्यांची फुलं. मी राहते त्या, स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगजवळच्या गावातून ॲबी क्रेग टेकडीवरचा वॉलेस मनोरा दिसतो. तिथे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेस या स्कॉटिश वीराची म्हणून जी तलवार ठेवली आहे ती तर तब्बल १६३ सेंटिमीटर आहे. ती खरोखर वॉलेसच्या काळातली, म्हणजे तेराव्या शतकाच्या शेवटची, असेल असं जाणकारांना वाटत नाही. वेगवेगळ्या पात्यांचे तुकडे जोडून ती झाली असावी, असं त्यांचं म्हणणं. पण १५०५ साली राजा चौथा जेम्स याने वॉलेसच्या तलवारीला नवी मूठ, नवं म्यान आणि नवा पट्टा करवून घेतल्याचा खर्च राजाच्या खजिन्याच्या हिशेबात लिहिलेला आहे. म्हणजे तेव्हाही पातं जुनंच ठेवून मूठ बदलण्याचा व्यवहार चालत होता.

मला घडवायची होती ती मात्र दुसरी. एकहाती, सरळ पात्याची, आणि पंजा पूर्ण झाकणारी लोखंडी जाळी असलेली. इथे तिला बास्केट हिल्ट म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या हायलंडरच्या उजव्या हातात ही असायची, डाव्या हातात चामड्याने मढवलेली गोल लाकडी ढाल. आधी बंदुकीचा एक बार काढायचा, बंदूक टाकून द्यायची आणि धावत जाऊन भिडायचं, अशी त्यांची लढण्याची रीत. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या लढाईत सरकारी फौजेपुढे बंडखोर हायलंडर हरले आणि ही रीत कायमची संपली, आणि त्यानंतरच्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याने घराघरांतल्या तलवारीही गेल्या. सैन्यातल्या हायलंडर पलटणींच्या कमरेला त्या राहिल्या, आणि १८२८ साली ठरवलेल्या नमुन्याची जाळीची तलवार स्कॉटिश पलटणींचे अधिकारी समारंभात अजूनही बाळगतात.

आता गंमत अशी, की ही ‘अस्सल स्कॉटिश’ तलवार घरी घडवायला निघालं की इतिहासच आडवा येतो. त्या काळातली बहुतेक पाती स्कॉटलंडमध्ये घडलेलीच नाहीत. ती यायची जर्मनीतून, मुख्यतः झोलिंगेनहून. कित्येकांवर ‘आंद्रिया फेरारा’ असं नाव असतं. या नावाचा एक नामांकित पातं घडवणारा सोळाव्या शतकात उत्तर इटलीत, बेल्लूनोला, होऊन गेला. पुढे जर्मन कारागिरांनी ते नाव मालाच्या दर्जाची खूण म्हणून सर्रास ठोकायला सुरुवात केली, तेही वाटेल त्या स्पेलिंगने. स्कॉटिश कारागिराचं काम होतं ते मुठीचं. ग्लासगो आणि स्टर्लिंग ही त्याची दोन मोठी केंद्रं. ग्लासगोचा जॉन सिम्प्सन, स्टर्लिंगचे जॉन आणि वॉल्टर ॲलन ही त्यातली गाजलेली नावं. मुठीवर स्वतःची आद्याक्षरं आणि त्याखाली गावाचं अक्षर, ग्लासगोचं ‘जी’ किंवा स्टर्लिंगचं ‘एस’, कोरायची त्यांची पद्धत.

मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. आपली फिरंग म्हणजे तरी काय? पातं युरोपातून आलेलं, मूठ इथल्या घाटाची. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून विकत घेतलेली नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार याच जातीची. पातं युरोपीय बनावटीचं, वर सोन्याच्या नक्षीची मुल्हेरी घाटाची मूठ, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत ‘सेनासाहेब सुभा’ या किताबासह रघूजींचं नाव. बातम्यांमध्ये तिचे फोटो आले तेव्हा माझं पातं अर्धवट ठोकून गॅरेजमध्ये पडलेलं होतं. ते फोटो मी मोठे करकरून पाहिले ते मुठीसाठी.

तर प्रश्न असा, की पातं मुळातच आयात व्हायचं, मग घरी ठोकायचं कशाला? खरं उत्तर एवढंच की मला ठोकायचं होतं. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी शिकले, पुढे सगळी नोकरी वेल्डिंगच्या तपासण्यांत गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काकांची फौंड्री होती, त्यामुळे भट्टीची ऊब आणि वाळूचा वास लहानपणापासून ओळखीचा. पण पोलादाचा तुकडा स्वतःच्या हाताने लाल करून त्याला आकार देणं कधी केलं नव्हतं. पर्थशायरमधल्या एका लोहाराकडे शनिवार-रविवारचे वर्ग असतात. तिथे आकडे, बिजागऱ्या आणि एक बरी सुरी इतकी मजल गेल्यावर हा विषय डोक्यात बसला. लोहारबुवांचं मत स्पष्ट होतं: सुरी करता आली म्हणून तलवार करता येते असं नाही, लांबी वाढली की सगळंच बदलतं. ते किती खरं आहे ते पुढे येईलच.

कायद्याचं आधी बघून घेतलं. सरळ पात्याची तलवार घरात असायला इथे हरकत नाही. पण रास्त कारणाशिवाय ती सार्वजनिक जागी जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि विक्री करायची तर परवान्याचं प्रकरण वेगळं. मला विकायची नव्हती. घराच्या विम्यात मात्र गॅरेजमध्ये भट्टी पेटवणार हे कळवावं लागलं आणि हप्ता वाढला. शेजारी निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांच्याशी वेळा ठरवून घेतल्या. रविवारी सकाळी ठोकाठोक नाही, संध्याकाळी सातनंतर नाही. ऐरणीच्या कमरेला जाड साखळी गुंडाळली आणि खाली लोहचुंबक चिकटवला की तिचा घणघणाट निम्म्याने कमी होतो, ही युक्ती त्या लोहारांचीच.

भट्टी गॅसची केली. कोळशाची जास्त ‘पारंपरिक’ हे मान्य, पण वस्तीतल्या गॅरेजमध्ये कोळशाचा धूर कोण खपवून घेणार? लोखंडी नळकांडं, आत पाच सेंटिमीटर जाडीचं सिरॅमिक फायबरचं अस्तर, त्यावर उष्णतारोधक सिमेंटचा लेप, वरून प्रोपेनचा बर्नर. दोन्ही तोंडं उघडी, म्हणजे लांब पट्टी आरपार सरकवता येते. लेप हा हौसेचा भाग नव्हे. उघड्या सिरॅमिक फायबरचे बारीक तंतू फुप्फुसात गेले की निघत नाहीत, त्यामुळे अस्तर लावताना चांगला मास्क आणि नंतर लेप, दोन्ही हवेतच. दुसरी धास्ती कार्बन मोनॉक्साइडची. गॅरेजचं शटर पूर्ण उघडं, सिलिंडर बाहेर, आणि भिंतीवर अलार्म. जानेवारीतसुद्धा शटर उघडंच. पुढून भाजत असायची, पाठीमागून गारठत असायची.

पोलाद घेतलं ५१६० नावाचं. गाड्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगला वापरतात तेच. सुमारे ०.६ टक्के कार्बन, थोडं क्रोमियम. वाकून परत सरळ होणं हा त्याचा स्वभाव, आणि तलवारीला नेमकं तेच हवं. भंगारातली पाटी स्वस्त मिळते, पण तिच्यात वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. नोकरीच चिरा शोधण्याची असल्याने ती जोखीम घेववली नाही. नवी पट्टी मागवली: ६० सेंटिमीटर लांब, ४० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड.

पातं घडवताना पहिलं काम टोकाचं, दुसरं मुठीत जाणाऱ्या शेपटीचं, आणि मग उरलेलं सगळं काम म्हणजे पट्टी लांबवत नेणं. भट्टीत एका वेळी जेमतेम वीत-दीड वीत तापते, त्यामुळे तेवढ्याच तुकड्यावर काम, मग पुढे सरकायचं. पोलाद केशरी-पिवळं असताना ठोकायचं. पांढुरकं होऊन ठिणग्या उडवायला लागलं तर ते जळतंय, आणि मळकट लाल झाल्यावर ठोकत राहिलं तर चीर जाणार. या दोन्हींच्या मधे हातात येतात काही सेकंद. पातं जसजसं पातळ होतं तसतसे ते सेकंदही कमी होत जातात. शेवटी शेवटी भट्टीतून ऐरणीवर आणेपर्यंतच रंग उतरायला लागतो.

मुठीपाशी जवळजवळ सहा मिलिमीटर आणि टोकापाशी अडीच-तीन, असा जाडीचा उतार साधणं हा सगळ्यात चिवट भाग. हौशी तलवारी बेंगरूळ वाटतात त्या यामुळेच. सगळीकडे एकच जाडी ठेवली की टोक जड होतं आणि मनगट दहा मिनिटांत बोलायला लागतं. संग्रहालयातल्या तलवारी काचेबाहेरून थोराड दिसतात, पण त्यांची वजनं साधारण सव्वा किलोच्या आसपास असतात, ती या उतारामुळे.

मग धारा. दुधारी पातं, म्हणजे दोन्ही कडा ठोकून पातळ करायच्या. एक कड ठोकली की तेवढं पोलाद पसरतं, त्या बाजूची लांबी वाढते आणि पातं विरुद्ध दिशेला धनुष्य होतं. म्हणून थोडी ही कड, थोडी ती कड, आणि प्रत्येक तापावणीनंतर डोळ्यापाशी धरून ओळंब्यात आहे का ते बघणं. सुरीत हा प्रकार चिमूटभर असतो. ८४ सेंटिमीटरच्या पात्यात एका वितीतला केसभर वाक पुढच्या टोकाशी दोन बोटांचा होतो. लोहारबुवांचं ‘लांबी वाढली की सगळंच बदलतं’ ते हे.

पात्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने जाणारी पन्हळ मी ठोकून काढली नाही, ग्राइंडरच्या लहान चाकावर घासून काढली. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते असं अनेक जण अगदी खात्रीने सांगतात. तसं काही नसतं. मधलं पोलाद काढून टाकल्याने वजन घटतं आणि पात्याचा ताठपणा फारसा जात नाही, बांधकामातल्या गर्डरचं गणित तेच असतं. पन्हळीबद्दल इतकंच.

पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं झटकन निववून कडक करायचं, काम मात्र मी उन्हाळाभर अडवून ठेवलं, कारण अंधार हवा होता. तापलेल्या पोलादाचा रंग उजेडात फसवा दिसतो, आणि स्टर्लिंग ५६ अक्षांशावर असल्यामुळे जूनमध्ये रात्री दहालाही लख्ख असतं. शेजाऱ्यांशी सातचा करार झालेला. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे जातात, तोवर वाट पाहिली.

लहान भट्टीत अख्खं पातं एकसारखं तापवणं अशक्यच. त्यासाठी दीड ड्रम एकावर एक जोडून उभी भट्टी केली. आत तेच अस्तर, खालून एकच बर्नर आणि तोही मंद, जोराची ज्वाळा नको असते. शेपटीला तार बांधून पातं वरून आत सोडायचं. उभं टांगल्याने ते स्वतःच्या वजनाने वाकत नाही. आधी ठोकण्याने पोलादात साठलेला ताण काढायचा: तापवायचं, हवेत निवू द्यायचं, आणि दर खेपेला तापमान थोडं कमी ठेवायचं. याने पोलादाचे कण बारीक होतात. हे कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केलं होतं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंही होतं.

जे पाहिलं नव्हतं ते पाणी देण्याच्या रात्री दिसलं. तापमान मोजणारा थर्मोकपल आठशे अंशांच्या दिशेने चढत होता. पातं लाल होतं, पण त्या लालीत मळकट सावल्या फिरत होत्या. पोलादाची आतली रचना बदलताना ते उष्णता पिऊन घेतं, तेवढा भाग शेजारच्यापेक्षा काळसर दिसतो, आणि बदल पूर्ण झाला की सावली पुसली जाते. धारेकडून मध्याकडे, टोकाकडून वर, त्या सावल्या सरकत सरकत नाहीशा झाल्या. पुस्तकात हा आलेखावरचा एक आडवा टप्पा असतो. नवरा शेजारी आग विझवायचं ब्लँकेट धरून उभा होता, तो म्हणाला, “अगं, काढ की आता!” मी म्हटलं, “थांब जरा.” सगळीकडे सारखा रंग आल्यावर, ८३० अंशांच्या थोडं वर, काढलं.

पाणी म्हणायचं, पण हे पोलाद पाण्यात बुडवलं तर तडकतं. त्याला तेल लागतं. पंधरा सेंटिमीटर व्यासाचा, खालून बंद केलेला, कमरेच्या वर येणारा लोखंडी पाइप, त्यात वीस-एक लिटर रेपसीडचं तेल, तेही आधी पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट केलेलं, कारण गार तेल घट्ट असतं आणि उष्णता हळू ओढतं. पातं सरळ उभं, न थांबता, एका दमात आत गेलं पाहिजे. अर्ध्यात थबकलं तर तेलाचा भडका उडतो, शिवाय पातं एका बाजूने आधी गार होऊन वाकतं. ज्वाळा वितभर उठली आणि पातं पूर्ण बुडताच बसली. गल्लीभर भजी तळल्याचा वास सुटला होता.

तेलातून बाहेर आल्यावर पहिली मिनिटं लाखमोलाची. पातं तेव्हा दोनशे अंशांच्या आसपास असतं, पुरतं कडक झालेलं नसतं, आणि थोडं ऐकतं. वाक असणारच हे धरूनच चालले होते. टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात तो आला, डावीकडे. चामडी हातमोजे घालून, लाकडी बेचक्यात अडकवून, डोळ्याने बघत बघत तो काढला. मग दोन ॲल्युमिनियमच्या कोनपट्ट्यांत पकडून निवू दिलं. कानस फिरवून पाहिली तर ती धारेवरून नुसती घसरत होती, चावत नव्हती. म्हणजे पोलाद हवं तसं कडक झालं होतं.

या अवस्थेतली तलवार हातातून फरशीवर पडली तर तुकडे होतात. त्यामुळे त्याच रात्री कडकपणा उतरवायला हवा. घरचा ओव्हन २५० अंशांवर थांबतो, आणि त्यात ही मावत नाही, तिरकी ठेवूनही नाही. म्हणून ड्रमच्या भट्टीत जाड भिंतीचा पाइप उभा केला, पाइपाच्या आत पातं. पाइप हळू तापतो, हळू निवतो, त्यामुळे आतलं तापमान उड्या मारत नाही. ३१० अंश, दोन तास, निववायचं, पुन्हा दोन तास. बर्नरची तोटी सतत इकडे-तिकडे करत बसावं लागतं. पहाटे पातं निळं होऊन बाहेर आलं. नंतर टोक लाकडाच्या ओंडक्याला टेकवून कमान होईपर्यंत दाबलं. सोडल्यावर सरळ. पुन्हा उलट बाजूने, पुन्हा सरळ.

घासकाम आणि पॉलिशबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बादलीत बुडवत राहायचं, हाताला चटका बसेल इतकं गरम होऊ द्यायचं नाही, नाहीतर रात्रभर केलेलं पाण्यात. १२० नंबरपासून ४०० नंबरपर्यंत कागद. आरशासारखी चमक मी मुद्दाम आणली नाही.

इथपर्यंतचं सगळं काम जगातल्या कुठल्याही सरळ तलवारीचं. झोलिंगेनच्या कारागिराने ते माझ्या दसपट वेगाने आणि दसपट बरं केलं असतं. स्कॉटिश तलवार सुरू होते ती यानंतर, आणि मला तिथे पात्यापेक्षा जास्त महिने लागले.

जाळी म्हणजे एकसंध वाटी नव्हे. पंजाच्या दोन बाजूंना ढालीच्या आकाराच्या दोन मोठ्या पट्ट्या, पुढच्या बाजूला तशाच लहान पट्ट्या, त्यांना एकमेकींशी आणि तळाशी जोडणारे गज, मनगटाकडे बाहेर वळलेला एक भाग, आणि वर लट्टूपाशी, म्हणजे मुठीच्या टोकावरच्या गोळ्यापाशी, येऊन मिळणारे तीन हात. पट्ट्यांवर बदाम आणि गोल भोकांची नक्षी, कडांना कानशीने पाडलेल्या बारीक खाचा. मुठीमुठीगणिक तपशील वेगळा. घोडेस्वारांच्या काही मुठींत जाळीला एक लांबट गोल खिडकी असते. लगाम धरलेल्या बोटांना जागा व्हावी म्हणून ती ठेवलेली, असं मानतात. आणि अभिमानाला थोडी वेसण: जाळीची मूठ फक्त स्कॉटिश असंही नाही. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेच्या अवशेषांतही एक सापडली आहे. पण तिला नक्षीपर्यंत, ओळख पटावी इतक्या टोकाला नेलं ते इथल्या लोकांनी.

एडिनबरोच्या नॅशनल म्युझियममध्ये जाऊन मी काचेला नाक लावून या मुठींची रेखाटनं केली. पहारेकऱ्याला आधी संशय आला, मग त्यानेच दुसऱ्या मजल्यावरची आणखी एक दाखवली. रेखाटनातून एक गोष्ट लवकर कळली: या जाळ्या आतून फार अडचणीच्या असतात. चिलखती हातमोजा घालायचा नसतो, जाळी हाच हातमोजा. म्हणजे ती ज्या हाताची, त्याच हाताच्या मापाची हवी. माझा पंजा लहान. दुकानात मिळणाऱ्या तयार जाळ्या माझ्या हातात लोंबतात, त्यामुळे कोणाच्या आयत्या नमुन्यावर भागणार नव्हतं.

आधी पुठ्ठा. पुठ्ठ्याचे तुकडे कापून, चिकटपट्टीने जोडून, हात आत घालून मनगट फिरवायचं, जिथे अडेल तिथे कापायचं. पुठ्ठ्यावरून दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्यावर रेघा. बदामाची भोकं ड्रिलने पाडून बारीक कानशीने आकाराला आणायची. एका बदामाला साधारण एक क्रिकेटचा डाव जातो, रेडिओवर. मग पत्रा लाल करून लाकडाच्या ओंडक्यातल्या खळग्यात ठोकून खोलगट करायचा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सारख्या खोल यायला हव्यात, आणि त्या येत नाहीत. एक ठोकून दुसरीवर ठेवायची, उजेड कुठून येतो ते बघायचं, परत तापवायचं.

गज वाकवणं याहून वाईट. प्रत्येक गजाला दोन दिशांना बाक, एक पंजाभोवतीचा आणि एक लट्टूकडे चढणारा. तापवून ऐरणीच्या शिंगावर वाकवला की पहिला बाक साधताना दुसरा बिघडतो. जुने कारागीर हे तुकडे भट्टीतच ठोकून सांधायचे आणि पितळेचा डाग द्यायचे. मी आधी वेल्डिंगचे ठिपके देऊन सगळं जागेवर धरलं आणि मग पितळेने भरलं. वेल्डिंगने पूर्ण जोडता आलं असतं, ते माझं रोजचं कामच आहे, पण वेल्डचा फुगवटा नंतर घासून काढावा लागतो आणि कोपऱ्यांत कानस पोचत नाही. पितळ फटीत आपण होऊन शिरतं आणि सांध्यात एक पिवळी रेघ सोडतं. जुन्या मुठींवर तशी रेघ दिसते, तेव्हा ती ठेवली.

लट्टू भरीव लोखंडाचा, खालून रुंद आणि वर निमुळता. त्यात आरपार चौकोनी भोक, लाल असताना पंचाने पाडलेलं, आणि कडेने खाच, जिच्यात जाळीच्या तिन्ही हातांची टोकं घुसतात. जाळी खालून परजाशी आणि वरून लट्टूशी अशी दोन्हीकडे घट्ट बसली तरच ती धक्का सोसते. नाहीतर नुसती खुळखुळते. पकड अक्रोडाच्या लाकडाची केली, वर नागमोडी चर कोरून, चामडं मढवून चरातून पिळलेली तार फिरवली. चांगल्या जुन्या मुठींना खडबडीत मत्स्यचर्म असे. ते मी टाळलं, चामड्यानेही हात घसरत नाही. जाळीच्या आत हरणाच्या चामड्याचं अस्तर, त्याला लाल लोकरी कापड शिवलेलं. मराठा मुठीत गादी असते तिचंच काम हे अस्तर करतं: बोटांच्या सांध्यांना लोखंड लागू न देणं.

सगळं चढवून झाल्यावर शेपटीचं टोक लट्टूबाहेर चार मिलिमीटर उरलं. ते तेवढंच तापवून, हलक्या हाताने ठोकून फुलवायचं. एकदा ते फुललं की तलवार कापल्याशिवाय सुटत नाही. त्याआधी मी अस्तर, पकड, जाळी हे सगळं पुन्हा पुन्हा बसवून आणि काढून पाहिलं, घरात चेष्टा होईपर्यंत. तोल मुठीपुढे चार-पाच बोटांवर आला, एकूण वजन तेराशे ग्रॅमच्या आत. जाळी चढण्याआधी हेच पातं हातात टोकाकडे ओढत होतं. मागे चारशे-पाचशे ग्रॅम लोखंड येऊन बसल्यावर ते निमूट झालं. मूठ शोभेची आणि पातं कामाचं, असा जो समज असतो त्याला हे उत्तर पुरे.

धार लावलेली नाही, आणि तलवार कुलूपबंद कपाटात असते. जुन्या पाठांवरून ब्रॉडस्वॉर्ड, म्हणजे याच जातीची तलवार, चालवायला शिकवणारे एक शिक्षक ओळखीचे आहेत, ते घरी येऊन पाहून गेले. पातं त्यांनी एकदा वर-खाली केलं, “ठीक” म्हणाले आणि बाजूला वळवलं. मग अर्धा तास जाळीत हात घालून बसले. त्यांचा पंजा आत पुरता जाईना, ते साहजिकच होतं. पण मला हातात धरायला लावून, वेगवेगळे पवित्रे घ्यायला लावून त्यांनी दाखवलं, की मनगट वर वळवून डोक्यावरचा वार अडवताना माझ्या अंगठ्याचं पेर पुढच्या गजाला टेकतं. रिकाम्या हाताने हळू केलं तेव्हा ते मला जाणवलं नव्हतं. आता ती जाळी सुटणार नाही. नव्या जाळीचे पुठ्ठे कापून झाले आहेत. त्यात तो गज अर्ध्या बोटाने बाहेर घेतला आहे, आणि बदामांची संख्या कमी केली आहे.